बॉक्सवर ‘स्टिरिओ’ लिहिलंय, पण रेकॉर्डिंग खरंच स्टिरिओ होतं का?

गावच्या सप्ताहात मी आजोबांचं भजन रेकॉर्ड केलं होतं. कॉलरला लावायचे दोन वायरलेस माईक नवीनच घेतले होते. एक आजोबांना लावला, दुसरा पेटीजवळ ठेवला. घरी येऊन ऐकलं, तर तंबोरा जवळजवळ गायब! नॉइज कॅन्सलेशन चालू राहिलं होतं. एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं ते धरून चालतं. त्यात तंबोराही गेला. आजोबा आता गात नाहीत, त्यामुळे दुसरा टेक नाही.

असे माईक सध्या सगळीकडे का दिसतात? 2023 मध्ये आयफोन 15 ला यूएसबी-सी आलं. 28 डिसेंबर 2024 पासून युरोपियन युनियनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना ते सक्तीचं झालं. एकच रिसिव्हर अँड्रॉइडला आणि नव्या आयफोनलाही चालू लागला. गिऱ्हाईक वाढलं, तसे बॉक्सवरचे दावेही वाढले.

पण दोन माईक म्हणजे स्टिरिओ नव्हे. एकाचा आवाज डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या कानात, एवढंच होतं. मुलाखतीला हे झकास. पण तबला कुठे, पेटी कुठे, हे कानाला कळायचं तर एकाच जागी ठरावीक कोनात बसवलेली माईकची जोडी बरी. तिला एक्स-वाय म्हणतात.

आणखी एक गोची: फोनच्या 3.5 मिमी जॅकमध्ये माईकसाठी एकच चॅनेल असतो. तिथे स्टिरिओ माईक लावला तरी रेकॉर्डिंग मोनोच होणार.

मग घ्यायचं काय? फक्त बोलणं रेकॉर्ड करायचं असेल, तर वायरवाला साधा मोनो कॉलर माईक पुरे. तो तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. गाणं-वाजवणं असेल, तर छोटा हँडी रेकॉर्डर बघा. झूमच्या एच1एसेन्शियलमध्ये एक्स-वाय माईक आहेत आणि 32-बिट फ्लोट रेकॉर्डिंग आहे, म्हणजे लेव्हल चुकली तरी नंतर बऱ्यापैकी सावरता येते. यूएसबी-सीने जोडला की तो माईक म्हणूनही चालतो.

काहीही घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत एक टेस्ट करा. नॉइज कॅन्सलेशन बंद करा, माईकच्या डावीकडे टाळी वाजवा, मग उजवीकडे, आणि इअरफोन लावून ऐका. टाळी जागची हलली नाही, तर माईक किंवा ॲप, दोघांपैकी कुणीतरी मोनो आहे. ॲप बदलून बघा. तरी तेच, तर माईक परत करा.

मी ही टेस्ट भजनाच्या आधी केली असती, तर तंबोरा वाचला असता.