कचरावेचक ताईंसाठी ॲप बनवायचंय? आधी त्यांनाच विचारा!

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत कचऱ्याचं मासिक शुल्क ‘डिजिटल’ झालं. पुढाकार माझाच. लिफ्टजवळ एक क्यूआर कोड लावला. सगळे पैसे सोसायटीच्या खात्यात जाणार आणि तिथून ताईंना एकरकमी मिळणार. वाटलं, भारी काम केलं!

झालं उलटंच. आधी घरोघरी हातात पडणारे पैसे आता उशिरा मिळू लागले. कुणी दिले, कुणी बुडवले, तेही ताईंना कळेना. तंत्रज्ञानात खोट नव्हती. मी ताईंना विचारलंच नव्हतं.

पुण्याचं मॉडेल काय आहे?

१९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था बनली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. सदस्यांमध्ये बहुतेक वस्त्यांमध्ये राहणाऱ्या दलित स्त्रिया आहेत.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. शुल्क घरांकडून थेट गोळा करणारीला मिळतं, आणि सुका माल विकायचा हक्कही तिचाच. म्हणजे कागद, बाटल्या, पत्रा वेगळा काढण्यात तिचा फायदा, आणि तेवढा कचरा डेपोवर जाण्यापासून वाचतो. आता समजा, एखाद्या ‘स्मार्ट’ योजनेत सगळा कचरा थेट गाडीत दाबून नेला. नकाशावर गाडी दिसेल, पण ताईंची सुक्या मालाची कमाई गायब!

लाल ठिपका

सॅनिटरी पॅड आणि डायपर हातानेच वेगळे करावे लागतात. त्यावर ‘स्वच्छ’ने सुचवलेला उपाय म्हणजे ते कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. न उघडता कळतं, आत काय आहे. ना चार्जिंग लागतं, ना नेटवर्क.

नवं तंत्रज्ञान नकोच, असं नाही. पुण्यातल्या ‘आशय’ या कंपनीने २०२३ मध्ये चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवले. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ती पाकिटं गोळा करणाऱ्यांची गोष्ट वाचता येते. इथे क्यूआर कोडने त्यांना लपवलं नाही, समोर आणलं.

मग अडचण कुठे आहे?

करारात! २०२० च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला, तेव्हा काही काळ मुदतवाढीवरच काम चाललं. काम ठेकेदारांना द्यायची चर्चाही झाली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. पण उद्या काम राहील की नाही हेच माहीत नसेल, तर त्या बदल सुचवणार कशाच्या भरवशावर? नुसतं मत विचारणं म्हणजे सहभाग नव्हे. पैसा, माल आणि करार यांवरही त्यांचं म्हणणं चाललं पाहिजे.

आमच्याकडे पुढे काय झालं?

शेवटी ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “कोड माझ्या खात्याचा लावा. आणि फ्लॅट नंबरांचा एक कागद भिंतीवर चिकटवा. पैसे दिले की ज्याने त्याने टिक करायची. मला आकडे वाचता येतात.”

दहा मिनिटांत काम झालं. तुमच्या सोसायटीत लावलेला कोड कुणाच्या खात्याचा आहे? आज स्कॅन करून बघा.