दौरा कंपनीचा, भिशी आईची

बहुतेक खासगी कंपन्यांच्या ट्रॅव्हल पॉलिसीत थोड्याफार फरकाने एक ओळ सापडते. दौऱ्यावरचा खर्च कर्मचाऱ्याने करावा, परत आल्यावर मूळ बिलं जोडून क्लेम टाकावा, मंजूर झाला की रक्कम पगारासोबत जमा होईल. पुण्याहून नाशिकला टॅक्सीने जाऊन यायचं असेल तर या ओळीत वावगं काही नाही. पण महिन्याला बेचाळीस हजार हातात पडणाऱ्या पोरीला कंपनी पहिल्यांदा जर्मनीला पाठवते तेव्हा हीच ओळ तिच्या घरापर्यंत पोचते. माझ्या बाबतीत ती बार्शीपर्यंत गेली.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमची हाउसिंग्ज कास्ट होतात, मशीन होतात आणि स्टुटगार्टजवळच्या एका ग्राहकाकडे जातात. गेल्या वर्षी तिकडून तक्रारींचा धोशा सुरू झाला: एका बोअरची पोझिशन टॉलरन्सच्या बाहेर आहे. तोच पीस आमच्या सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मशीनवर, ठेवला की ओके. त्यांचे रिपोर्ट, आमचे रिपोर्ट, व्हिडिओ कॉल, पुन्हा रिपोर्ट. शेवटी त्यांनी डेबिट नोटची, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापण्याची, भाषा केली तेव्हा साहेब म्हणाले, कोणीतरी जाऊन समोरासमोर मोजून या. रोज तो पीस हाताळणारी मीच, तेव्हा तूच जा.

बातमी फुटली आणि कँटीनमध्ये एकच गलका. नशीब काढलंस, पार्टी कधी, चॉकलेटं आण. एकटीच चाललीस का, हेही तिघाचौघांनी विचारून घेतलं. हा प्रश्न माझ्या जागी मुलगा असता तर कुणी विचारला नसता, पण तो आज बाजूला ठेवते. मला त्या गलक्यात खटकलं ते दुसरंच. परदेश दौरा म्हणजे बक्षीस, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आणि बक्षीस मिळालेल्या माणसाने खर्चाचा विषय काढायचा नसतो.

मी काढला. अकाउंट्सकडे जाऊन विचारलं की ॲडव्हान्स किती मिळेल. उत्तर आलं की तशी पद्धत नाही. विमानाचं तिकीट कंपनी काढते, बाकीचं तुम्ही करा आणि क्लेम टाका, सगळेच टाकतात.

बाकीचं म्हणजे काय? शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवासी विमा, कारण त्याशिवाय अर्जच पुरा होत नाही. आठवडाभराचं हॉटेल. फ्रँकफर्टहून स्टुटगार्टपर्यंतची आगगाडी, तिथून रोजची लोकल, जेवण. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा आणि बेरीज करा. लाखाच्या वर जाते. माझ्या क्रेडिट कार्डाची मर्यादा होती साठ हजार. तेही कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करून घ्यावे लागतात, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून कळलं. ऑफिसातल्या कुणाला ते सांगावंसं वाटलं नाही, कारण ज्यांनी आधी दौरे केले त्यांना ते घरातूनच माहीत होतं.

व्हिसाच्या कागदांत कंपनीचं एक पत्र लागतं. एचआरने ते लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह झटकन दिलं. त्यात वकिलातीला उद्देशून लिहिलं होतं की या कर्मचाऱ्याच्या प्रवासाचा, निवासाचा आणि इतर सर्व खर्च कंपनी करेल. मी ते पत्र दोनदा वाचलं. जर्मन सरकारला कंपनी सांगत होती की खर्च आमचा, आणि मला सांगत होती की आधी तू कर. दोन्ही वाक्यं एकाच मजल्यावरून, एकाच आठवड्यात आली होती, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नव्हतं.

आमचे आण्णा पंचायत समितीतून सीनियर क्लार्क म्हणून रिटायर झाले. लोकांची टीए बिलं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना फोन केला तर अभिनंदनाच्या आधी प्रश्न आला, "अग्रिम किती उचललास?" मी म्हटलं, तसं काही नसतं आमच्यात. ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "अगं, आमचा ग्रामसेवक ट्रेनिंगला यशदात जायचा तरी अग्रिम मागायचा, आणि मिळायचा. तू समुद्रापार चाललीस." सरकारी कारभाराला आपण उठताबसता नावं ठेवतो, मीही ठेवते. पण कामासाठी निघालेल्या माणसाच्या हातात आधी पैसे ठेवायचे आणि मग त्याच्याकडून हिशेब मागायचा, हा क्रम त्या पिवळ्या फायलींना कळला होता. काचेच्या इमारतींना तो अजून कळायचा आहे.

कमी पडणारे पैसे आईने दिले. तिच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. नंबर तिचा नव्हता, तरी तिने एकीला विनवून तो महिना बदलून घेतला. मग भावाने शंका काढली की व्हिसासाठी तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट द्यायचंय, त्यात अशी एकरकमी रोकड दिसली तर उगाच प्रश्न नको. म्हणून अर्ज होईपर्यंत भिशीची रक्कम बार्शीतच, डाळीच्या डब्यात राहिली.

प्रवासाचं वर्णन करत नाही; विमान, ढग आणि ट्रेमधलं जेवण यांवर मराठीत पुरेसं लिहून झालंय. एवढंच सांगते की पोचले रविवारी. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली मात्र उघडी. स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन २०१० पासून खणून ठेवलंय आणि प्रवाशांना पत्र्यांच्या आडोशाने लांबचा वळसा घालून जावं लागतं, हे पाहून पुणेकर मनाला फार बरं वाटलं. हॉटेलवर कार्ड दिलं तर त्यांनी भाड्याखेरीज अनामत म्हणून आणखी काही रक्कम अडकवून ठेवली. ती खर्ची पडत नाही, पण मर्यादेतून वजा होते. किती वजा झाली ते ॲपवर दिसेना. त्या रात्री मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. घरची आठवण आली म्हणून नाही, कार्डावर किती शिल्लक आहे ते कळत नव्हतं म्हणून.

सोमवारी काम सुरू झालं, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण मी या दौऱ्यांच्या विरुद्ध नाही. उलट असे दौरे जास्त व्हावेत आणि साहेबांनी कमी, पीस हाताळणाऱ्यांनी जास्त जावं, या मताची मी आहे.

त्यांच्या मोजमापाच्या खोलीत सगळं चकाचक होतं. तापमान २० अंश, जे मोजमापासाठी जगभर प्रमाण धरतात. मशीन आमच्यापेक्षा भारी. ऑपरेटर म्हणजे पन्नाशीचे, मोजकंच बोलणारे गृहस्थ. त्यांनी आमचा पीस फिक्श्चरवर ठेवला, तीन क्लॅम्प लावले आणि पान्याने आवळले. तो पाना फिरताना मला आतून काहीतरी टोचलं. आमच्याकडे आम्ही तो पीस नुसता टेकवतो आणि हलक्या हाताने धरून ठेवतो. ड्रॉइंगवरही तो मोकळ्या अवस्थेत मोजायचा असंच लिहिलंय. भिंत पातळ आहे त्याची. मी खुणेनेच विचारलं की एक डायल लावू का. त्यांनी मान हलवली. बोअरच्या कडेला डायल टेकवला, शून्यावर आणला आणि त्यांना म्हटलं, आता आवळा. त्यांनी पाना फिरवला तसा काटा सरकायला लागला. एक घर, दोन घरं, सहा घरं. एका घराला शतांश मिलिमीटर, म्हणजे साठ मायक्रॉन. आम्ही ज्यावरून भांडत होतो तो आकडा जवळजवळ हाच होता. क्लॅम्प सैल केला, काटा परत शून्यावर.

ते गृहस्थ काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः पुन्हा एकदा आवळून पाहिलं, पुन्हा सैल केलं, आणि आपल्या इंजिनिअरला फोन लावला. डेबिट नोटचा विषय त्या दिवशी दुपारीच मिटला. ज्या गोष्टीवर ईमेलचे ढीग पडले होते ती पान्याच्या एका वेढ्यात दिसली, आणि स्क्रीनवरून ती कुणालाच दिसली नसती. कॅमेरा रिपोर्टवर असतो, हातावर नसतो.

म्हणजे कंपनीला फायदा झाला, आणि तो माझ्या क्लेमच्या कितीतरी पट होता. आता क्लेमचं ऐका.

परत आल्यावर आठवड्यात सगळी बिलं चिकटवून दिली. पहिला आक्षेप आला पाण्याच्या बाटल्यांवर. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. बिलात ती वेगळी ओळ म्हणून छापलेली असते. अकाउंट्सला वाटलं मी एकच वस्तू दोनदा लावली. पत्र लिहून समजावलं. दुसरा आक्षेप, हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला आहे, तेव्हा दैनिक भत्त्यातून तेवढे कापायचे. कापा. तिसरा, युरोचा दर कोणत्या तारखेचा धरायचा. मग ऑडिट आलं, मग मार्चअखेर आली. तोवर क्रेडिट कार्डाचं बिल येऊन गेलं होतं. त्यावर थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणून ते मी पगारातून भरलं आणि खोलीचं भाडं पार्टनरकडून उसनं घेतलं. आईच्या भिशीचे हप्ते मात्र दर महिन्याला चालूच.

अकाउंट्सची बाजू मला समजते. ॲडव्हान्स घेऊन बिलंच न देणारे, वर्षभर हिशेब लटकवणारे लोक आहेत, आणि ते बहुतेक वेळा वरच्या हुद्द्यावरचे असतात. पण त्यावर उपाय आहे आणि तो कंपनीच्या बँकेत तयार मिळतो. कामासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने कंपनी फॉरेक्स कार्ड काढून त्यात थेट पैसे भरू शकते. खर्च कंपनीचा असेल तर तो कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजलाही जात नाही. कुठे किती खर्च झाला ते कार्डावर दिसतं, उरलेले पैसे कंपनीकडेच राहतात. कायदा आडवा येत नाही, तंत्र आडवं येत नाही. आडवी येते ती सवय.

आमच्यासारख्या कारखान्यांना लघुउद्योगातले पुरवठादार माल देतात, त्यांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचे असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. तो किती पाळला जातो हे चाकणमध्ये कुणालाही विचारा, पण निदान बोट ठेवायला कलम तरी आहे. मी कंपनीला लाखभर रुपये बिनव्याजी पुरवले. माझ्यासाठी कलम नाही, आणि पुरवठादार म्हणून मला दिवाळीची मिठाईही नाही.

हे सगळं एकट्या माझं गाऱ्हाणं असतं तर ते मी आईपुढेच मांडलं असतं. पण माझ्या आधी हा दौरा आमच्याच लाइनवरच्या एका मुलाला विचारला होता. लातूरकडचा, माझ्यापेक्षा हाताने तयार. त्याने घरच्या अडचणीचं कारण सांगून नाही म्हटलं. मी परत आल्यावर चहा पिताना तो सहज म्हणाला की अडचण कसली, कार्डच नाही माझ्याकडे, आणि बापाकडे मागणार तरी काय, सोयाबीनचे पैसे आले नव्हते. वार्षिक मूल्यमापनात त्याच्या कागदावर शेरा आहे, प्रवासाची तयारी नाही. ज्याच्या वडिलांकडे परदेशी चालणारं कार्ड आहे त्याच्या कागदावर तोच रकाना उत्तम भरलेला असतो. त्या मुलांचा यात काही दोष नाही, त्यांनी मला सूटकेसही दिली. पण प्रमोशनच्या वेळी साहेबांसमोर हे दोन कागद शेजारी शेजारी येतात, आणि त्यातला एक कागद महत्त्वाकांक्षेचा नसून कुटुंबाच्या बँकखात्याचा आहे हे कुणाला दिसत नाही. मग आपण म्हणतो की खेड्यातली मुलं मागे राहतात, त्यांना आत्मविश्वास नाही, इंग्रजी नाही.

पुढच्या महिन्यात त्याच ग्राहकाकडे नवीन फिक्श्चर पास करून घ्यायला आमच्या विभागातून एक ट्रेनी जाणार आहे. मी तिला सांगितलं, तिकीट निघायच्या आधी अकाउंट्सला ॲडव्हान्ससाठी मेल कर, एचआरला सीसीत ठेव, आणि व्हिसासाठी दिलेलं ते सर्व खर्च कंपनी करेल असं पत्र सोबत जोड. तिने जोडलं. व्हिसा केंद्राची तारीख मिळाली आहे. अकाउंट्सचं उत्तर अजून आलेलं नाही.