अटीने राखलेले स्वातंत्र्य

एखाद्या वस्तूला मुक्त म्हणावे आणि तिच्या वापराला अटही जोडावी, यात विसंगती नाही काय? संगणकाच्या क्षेत्रात अनेक वर्षे चालत आलेल्या एका वादाचे मूळ या प्रश्नात आहे. ‘कॉपीलेफ्ट’ या नावाने ओळखले जाणारे परवाने खरोखर स्वातंत्र्य देतात, की स्वातंत्र्याच्या नावाखाली नवे बंधन घालतात, असा हा वाद आहे. तो तंत्रज्ञांपुरता समजून सोडून देता येणार नाही. कारण शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांचा कारभार आता संगणकाच्या आज्ञावल्यांवरच चालतो.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली हव्या त्या कामासाठी वापरता यावी, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलता यावी, प्रती इतरांना देता याव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटता यावी, ही चार स्वातंत्र्ये या चळवळीने आवश्यक मानली. १९८९ साली निघालेल्या ‘जीपीएल’ परवान्याने त्यांना कायदेशीर रूप दिले. त्यातील लेखक आपला प्रताधिकार सोडत नाही. त्याच्याच बळावर तो सर्वांना परवानगी देतो आणि एक अट घालतो. ही आज्ञावली, मूळ अथवा सुधारलेली, जो दुसऱ्याला देईल, त्याने तिची संहिता आणि हेच अधिकार त्यालाही द्यावेत. पैसे घेऊन विकण्यास मनाई नाही. स्वतःपुरता बदल करून वापरणाऱ्यावर कोणतेही बंधन नाही.

यावर आक्षेप असा की, ज्यात अट आहे ते स्वातंत्र्य कसले? बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या ‘बीएसडी’ परवान्यात मूळ लेखकाचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला की, संहिता बंदिस्त करून विकण्यासही मोकळीक असते. हा आक्षेप पोकळ नाही. कॉपीलेफ्टची अडचण तिच्या पुरस्कर्त्यांनाही जाणवते. केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेली संहिता तिसऱ्या आवृत्तीखालील संहितेशी एकत्र करून वाटता येत नाही. एकाच घरातील दोन भावांनी एकमेकांशी व्यवहार करू नये, असाच हा प्रकार आहे.

परंतु खरा प्रश्न स्वातंत्र्य किती, हा नसून ते कोणाचे, हा आहे. सोनी कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेल्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची कार्यप्रणाली ‘फ्रीबीएसडी’वर आधारलेली होती. त्यात परवान्याचा भंग नव्हता. परंतु यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती ती बदलण्याचे स्वातंत्र्य आले नाही. याउलट, लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्ये जीपीएलखालील लिनक्स असल्याचे २००३ साली उघड झाले आणि कंपनीला संहिता प्रसिद्ध करावी लागली. त्या संहितेतून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला आणि अनेक राउटरधारकांना आपल्या यंत्रावर ताबा मिळाला. पहिल्या व्यवहारात मधला उत्पादक अधिक मोकळा होता, दुसऱ्यात शेवटचा ग्राहक.

बंदिस्त प्रत निघाली तरी मूळ संहिता जागच्या जागी राहते, मग समाजाचे काय गेले, असे विचारले जाईल. हे खरे की, गायरान अतिचराईने ओसाड पडते, तशी संहिता वापराने झिजत नाही. तथापि तिच्यावर झालेली सुधारणा कुंपणापलीकडे राहिली, तर सामायिक ठेव वाढत नाही. आणि जी वाढत नाही ती या क्षेत्रात लवकरच जुनी होते. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याची मुभा स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही, असे मिल यांनी १८५९ सालीच सांगितले होते. इथे तर इतरांचे स्वातंत्र्य विकण्याची मुभा मागितली जात आहे.

अर्थात ही अट कोठवर ताणावी, याला मर्यादा आहे. संहिता देऊनही बदललेली आज्ञावली यंत्रात चालू न देण्याच्या युक्तीला २००७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीने आळा घातला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना मात्र ते पटले नाही आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखालीच राहिला. संहिता परत मिळावी एवढी अट रास्त आहे, यंत्र कसे असावे हे परवान्याने सांगू नये, ही त्यांची भूमिका विचारार्ह आहे.

भारत सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा परवान्याची निवड हा आपल्याकडेही धोरणाचा प्रश्न आहे. खाजगी लेखकाने आपल्या श्रमाचे काय करावे, हे त्याचे त्याने ठरवावे. परंतु जनतेच्या पैशातून लिहिलेल्या संहितेसाठी कॉपीलेफ्ट हाच नियम आणि सवलत हा अपवाद असावा. ज्या संहितेचे मोल करदात्याने एकदा चुकते केले, तीच किरकोळ फेरफारानंतर त्याला पुन्हा विकत घ्यावी लागणे आणि तीही कुलूपबंद, याला स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.