पोकळ कणसाचा पंचनामा कोण करणार?



थंडी पडली की ज्वारी पोसते, असे आपण म्हणतो. हे अर्धे खरे आहे. थंडी पिकाच्या कोणत्या वयात पडली, यावर सारे ठरते.

गहू-हरभरा ही गारठ्याला सरावणारी पिके. थंडी हळूहळू वाढली की ती पेशींत साखर साठवतात, पेशींची आवरणे लवचीक ठेवतात. पाणी गोठलेच तर ते आधी पेशीच्या बाहेर गोठते आणि रोप वाचते. ज्वारी आणि कापूस मात्र उष्ण मुलखातले. त्यांना इजा व्हायला दव गोठावे लागत नाही. कपाशीचे पान गार रात्रींनी लाल पडते. त्यात नत्र-मॅग्नेशियमची कमतरता असली तर लाल्या आणखी बळावतो. पण निदान तो डोळ्यांना दिसतो तरी. ज्वारीचे नुकसान दिसतच नाही.

ज्वारी पोटरीत असते तेव्हा आत परागकण घडत असतात. त्याच दिवसांत रात्रीचा पारा सलग 13 अंशांखाली राहिला, तर पराग वांझ होऊ शकतो. ताट हिरवेगार, कणीस बाहेर पडलेले, आणि आत दाणा नाही! रब्बीत संकरित वाणांनी जम बसवला नाही, त्याचे हे एक मोठे कारण. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी 35-1 आजही आपल्या वावरात आहे, कारण ती थंडीत इतरांपेक्षा बरा दाणा धरते. पण तिच्याही सोसण्याला मर्यादा आहे. पाऊस लांबला आणि 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर ही पेरणीची वेळ हुकली, की पोटरी नेमकी कडाक्याच्या थंडीत सापडते. आपला पाटोदा बालाघाटावर. इथे खोलगट वावरात रात्रीची गार हवा साचते, ती वेगळीच.

आता सरकारचा हिशेब पाहा. थंडीची लाट आणि कडाक्याचे दव 2012 पासून मदतीच्या आपत्तींत आहेत. 33 टक्के नुकसान झाले तर मदत, असा नियम. पण हवामान खाते सपाट प्रदेशात लाट केव्हा म्हणते? पारा 10 अंशांवर किंवा खाली यावा आणि तो सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी उतरावा, किंवा थेट 4 अंशांवर यावा. सरासरी 12 असेल आणि आठवडाभर 9 राहिले, तर कागदावर लाट नाही. वावरात मात्र कणीस पोकळ! शिवाय पंचनाम्याला येणारा हिरवे रान पाहून परत जातो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. थंडीचे नुकसान लाटेच्या व्याख्येने नव्हे, पिकाच्या अवस्थेने मोजा. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा रोजचा किमान पारा गावाच्या फलकावर लावा. पंचनामा दाणा भरण्याच्या वेळी, कणीस फोडून करा.

आणि आपले काम? पेरणीची, पोटरीची, निसवण्याची तारीख वहीत लिहा. फुलोऱ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी वावराच्या चार कोपऱ्यांतली व मधली कणसे चोळून पाहा. मिजमाशीनेही दाणा भरत नाही, म्हणून तेही तपासून घ्या. शेजारची आगाप ज्वारी भरली आणि आपली त्याच वाणाची मागास पोकळ राहिली, तर तो फरक फोटोसह अर्जात मांडा आणि अर्जाची पोच घ्या.

जिल्हा मेळाव्याला येताना या वह्या सोबत आणा. रिकाम्या हाताने मागितले तर ती याचना ठरते. नोंद पुढे ठेवून मागितला तर तो हिशेब असतो.