गोठ्यातून आलेली लस

वसुबारसेला सवत्स गायीची पूजा करून दिवाळीचा आरंभ करणाऱ्या समाजात पशुवैद्यकशास्त्र मात्र आजही वैद्यकाच्या ओसरीवर ताटकळत उभे आहे. एमबीबीएसचा प्रवेश हुकला म्हणून पत्करायची शाखा, अशीच त्याची घरोघरी ओळख असून, रोगप्रतिकारशक्तीवर जे भाराभर मराठी लेखन झाले आहे (काढे-चूर्णांचे वेगळेच), त्यातही पशुवैद्यकांचा उल्लेख शोधावा लागतो.

बहुतेक वाचकांच्या दंडावर ज्या बीसीजी लशीचा व्रण आहे, तिच्या नावातील 'सी' म्हणजे वैद्य आल्बेर कालमेत आणि 'जी' म्हणजे पशुवैद्यक कामीय गेरँ. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत या दोघांनी १९०८ पासून गायीच्या क्षयाचा जिवाणू ग्लिसरीन व बैलाचे पित्त यांत शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला आणि दर तीन आठवड्यांनी तो नव्या फोडीवर नेला. महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात गेले तरीही हा क्रम न तुटता तेरा वर्षांत २३० वेळा चालला. अखेर रोग घडवण्याची शक्ती गमावलेला, परंतु शरीराला शत्रू म्हणून ओळखता येणारा जिवाणू हाती आला, ज्याला क्षीणित जिवाणू म्हणतात. क्षयजंतू पेशींच्या आत दडत असल्याने रक्तातील प्रतिपिंडे तेथे अपुरी पडतात, म्हणून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना चेतवणाऱ्या टी-पेशी तयार करणे, हे या लशीचे खरे काम होय. वासरांवर आधी पारखलेली ही लस १९२१ मध्ये पॅरिसमधील एका नवजात बालकाला तोंडावाटे देण्यात आली. अर्भकांतील क्षयजन्य मेंदूज्वराला ती चांगला अटकाव करते, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे मात्र तिचा भरवसा देता येत नाही. दुसरीकडे, मूत्राशयाच्या कर्करोगावरील उपचारांत तिने स्थान मिळवले आहे.

वैद्य आणि पशुवैद्यक यांची अशी जोडी जमायला मुंबईतही अंतराची अडचण नाही; १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, हाफकिन संस्था व केईएम रुग्णालय हे तिघेही परळचे शेजारी आहेत. तरीही दोन्ही शास्त्रांचे विद्यार्थी एका वर्गात क्वचितच बसतात. या दुराव्याची किंमत गुरेही मोजतात. लस दिलेले जनावर ट्युबरक्युलिन या त्वचाचाचणीत रोगी जनावरासारखीच प्रतिक्रिया देते, या कारणाने गायीच्याच जिवाणूपासून घडलेली ही लस गुरांना सरसकट दिली जात नाही. बाधित जनावरे मारण्याचा पाश्चात्त्य मार्ग भारतात जवळजवळ बंद असल्याने, लस आणि संसर्ग यांत भेद करणाऱ्या चाचण्यांची खरी निकड येथेच आहे, आणि त्या संशोधनावरचा खर्च गोरक्षणाच्या कोणत्याही घोषणेहून गायीच्या अधिक उपयोगाचा ठरेल.