बॅटरी नाही हो, डायनामो!

मंडळी, गाडी सुरू झाली नाही की नवी बॅटरी घ्या, तीही उतरली की अख्खा अल्टरनेटर बदला. याला निदान नाही, विक्री म्हणतात. लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्या पोराला आपण ऑफिसात काय काय बोलतो?

अमरावती-नागपूर हायवेवर तिवस्याजवळ माझ्या गाडीचा बॅटरीचा लाल दिवा लागला, हेडलाइट मिणमिणायला लागले. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगून टाकलं, 'पूर्ण युनिट जाईल.' न बघता! तिवस्याच्या मिस्त्रीने आधी मीटर लावला. चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, होते १२.१. बेल्ट बघितला, वायरी हलवून बघितल्या, मग डायनामो (तिथे अल्टरनेटर कोणी म्हणत नाही) उघडला. कार्बन ब्रश पार झिजलेले.

"डायनामो चांगला हाये ना भाऊ, फेकता कायले?"

ब्रश बदलले, १४.२ व्होल्ट. कधी डायोड जातो, कधी रेग्युलेटर. तेही बहुतेकदा सुटे बदलता येतात. हां, नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' करणाऱ्याला बॉनेटला हात लावू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीयू जाऊ शकतो.