निवांत किनाऱ्याचे गिऱ्हाईक

दिवाळीची सुटी जवळ आली की शहरातल्या सुखवस्तू माणसाला समुद्राची आठवण होते. साधा समुद्र मात्र त्याला चालत नाही. तो निवांत हवा. अलिबागला गर्दी फार, काशीदला जत्रा, गणपतीपुळ्याला मोटारींच्या रांगा. तेव्हा याहून पुढचा, अजून कोणाला ठाऊक नसलेला किनारा सांगा, अशी त्याची मागणी असते. मग जाणकार मंडळी कोणी आंजर्ले सांगतात, कोणी वेळास, कोणी भोगवे नि निवती. आणि वर ‘पण हे कोणाला सांगू नका हं!’ असे बजावतात. हे बजावणे हजारो प्रतींत छापून येते. दोन हिवाळ्यांत तिथे मोटारींच्या रांगा लागतात आणि जाणकार मंडळी नवा किनारा शोधायला निघतात. टोळधाडीलाही इतकी शिस्त नसते.

मी नंदुरबारचा मास्तर. ज्या जिल्ह्याला समुद्र नाही, तिथल्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. तर आमची तापी सुरतेखाली डुमसच्या बाजूला समुद्राला मिळते आणि आमच्या शाळेची सहल सुरतेच्या गाडीने जाऊन, पुढे घोलवडला उतरून, बोर्डीच्या वाळूवर पोहोचते. बोर्डीचा किनारा उथळ. ओहोटीला पाणी इतके लांब जाते की पोरे धावत सुटली तरी त्यांना ते गाठता येत नाही. मागे एकदा धडगावकडचा एक पावरा मुलगा ते अफाट पाणी बघून बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग मला म्हणाला, “गुरुजी, याच्याखाली कोणाची गावे आहेत?”

या प्रश्नाचे कोडे पुण्या-मुंबईच्या वाचकाला उलगडून सांगावे लागेल, आमच्याकडे लागत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे सरदार सरोवराच्या बुडितात सापडली. मणिबेली त्यांतले पहिले. 2017 साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि 2019 च्या पावसाळ्यात पाणी प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. आज नर्मदेचा तो काठ फार सुंदर दिसतो. निळे पाणी, डोंगराची सावली, माणसाचा आवाज नाही! उद्या एखादा जाणकार तिथे पोहोचला तर ‘महाराष्ट्रातला सर्वांत निवांत किनारा’ म्हणून त्याची शिफारस करील, आणि ती खोटीही ठरणार नाही. निवांतपणा आपोआप उगवतो, ही या मंडळींची समजूत मला सहन होत नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत शांतता आहे ती कर्ती माणसे मुंबईला गेली म्हणून. कुलूप लावलेल्या घराच्या पडवीत बसून पाहुणा म्हणतो, काय शांत आहे हो इथे!

आणि जिथे शांतता राखली गेली आहे, तिथे ती कोणीतरी कष्टाने राखली आहे. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून नि चोरांपासून सांभाळली. रात्री वाळू तुडवत घरटी शोधायची, अंडी कुंपणात नेऊन पुरायची, पिल्ले निघाली की त्यांना पाण्याकडे सोडायचे, असे ते काम. तिथे जाणाऱ्याला गावातल्याच घरी राहावे लागते, पानात वाढतील ते जेवावे लागते. असा किनारा मला मान्य आहे. तो निवडताना तुम्ही गावाच्या अटी मान्य करता.

विसाव्याची गरज मी नाकारीत नाही. साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला शांततेची किंमत कोणी शिकवू नये. पण विसावा मागणाऱ्याने किनारा हे कोणाचे तरी अंगण आहे, शेत आहे, हे धरून चालावे. हर्णैला लिलावाच्या वेळी जा; कान किटतील, पायाखाली मासळीचे पाणी वाहील. मालवणकडे रापण ओढताना पाहा. दोन बाजूंनी दोरखंडाला माणसे लागतात तेव्हा कुठे जाळे वाळूवर येते. या गलक्यावर गावाची चूल पेटते. पाहुणा मात्र वाळत घातलेल्या मासळीच्या वासाबद्दल तक्रार करतो आणि रात्री तीच मासळी तळून मागतो. (आणि हेही सांगतो, की ओस किनारा तुम्हाला बुडताना पाहणारेही ठेवीत नाही. काशीद नि गणपतीपुळे इथे पोहणारे बुडाले आहेत ते गर्दी असताना.)

मला खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. बोर्डीच्या खाली, डहाणू तालुक्यातच वाढवण आहे. 1991 मध्ये सरकारनेच हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने 1998 मध्ये तिथल्या बंदराला नकार दिला. तोच प्राधिकरणाचा शिक्का 2023 मध्ये बंदराच्या बाजूने उमटला, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. खर्च सुमारे 76,220 कोटी. समुद्रात भराव सुमारे 1,448 हेक्टर. मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आले. तिकडे 2019 च्या किनारा अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरांवरून 50 मीटरांवर आणला. निवांत किनाऱ्यांच्या शिफारशी छापणाऱ्या किती लेखण्या यावर झिजल्या? त्यांनी नकाशावर पुढचे गाव शोधले. बंदराने रोजगार येईल म्हणणाऱ्याशी निदान वाद घालता येतो. तो काहीतरी बोलतो. हे गृहस्थ मुळी बोलतच नाहीत. ते जागा बदलतात.

आमच्या नर्मदाकाठच्या माणसांना जागा बदलावी लागली तेव्हा त्यांना सात-बारा, पुनर्वसन, पंचनामा हे शब्द शिकावे लागले. त्यांतले काही अजून तेच शब्द घोकीत कचेरीच्या पायऱ्या चढतात. त्या पावरा मुलाला मी त्या दिवशी सांगितले की समुद्राखाली गाव नाही, समुद्र पहिल्यापासूनच आहे. त्याचे समाधान झाले. पण जाळी वाळत घातलेल्या किनाऱ्याकडे बोट करून तो लगेच म्हणाला, “मग यांचे कधी बुडणार?”